हूक भिंतीवर, आम्ही कुठं?

आधी कबुली देतो. मी त्या हॉटेलात गेलो होतो. लोअर परळला, एका बंद गिरणीच्या कंपाउंडात. एका पेपरवाल्याला ‘कामगार कवी’ भेटायचा होता. बिल त्याच्या पेपरचं. म्हटलं चला, बघून तरी येऊ. माझ्या आईचा बाप याच पट्ट्यात रिंग खात्यात राबला, छातीत कापूस भरून खोकत मेला. त्याला गेटच्या आत जायला पास लागायचा. मलाही लागलाच. वॉचमननं माझ्या चपलांकडं बघितलं, पेपरवाल्याच्या बुटांकडं बघितलं, आणि बुटांच्या भरवशावर चपलांना आत सोडलं.

आत लोखंडी खांब जुनेच ठेवलेत, रंग खरवडून आणखी जुने केलेत. टेबलावर ॲल्युमिनियमचा डबा. मेनूत ‘चाळ थाळी’ सहाशे पन्नास रुपये. कटिंग दीडशे, ग्लास तोच, आमच्या नाक्यावरचा. बोंबलाचे चार तुकडे, वर गवतासारखं हिरवं काहीतरी. संडासाबाहेर हातात फडकं घेऊन उभी असलेली बाई आमच्या गल्लीतली निघाली. मला बघून तिनं मान फिरवली. मी पण फिरवली.

आणि भिंतीवर, दिव्याच्या झोतात, हूक.

हूक माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी मूठ, पुढं वाकडं टोकदार लोखंड. पोत्यात रुतवायचा, ओढायचा, पोतं पाठीवर घ्यायचं. माझ्या आज्याकडं असाच होता. त्यानं गोदीत डॉक लेबर बोर्डाच्या बिल्ल्यावर काम केलं. हा बोर्ड आकाशातून पडला नव्हता. आधी टोळीवाल्या मुकादमाच्या मर्जीवर पोट चालायचं, आज उचलला तर काम, नाहीतर घरी. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला तेव्हा कुठं नाव नोंदवायचं रजिस्टर आलं. १९८९ ला समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर तिकडं गेले. १९९४ ला बोर्ड पोर्ट ट्रस्टात विरघळला. आज मी इंदिरा डॉकात ठेकेदाराच्या माणसाच्या मर्जीवर उभा राहतो, लोखंडाच्या कॉइलीला तारेचे दोर बांधतो. म्हणजे आजाच्या बापाच्या जागेवर. मधली दोन पिढ्यांची लढाई गेली कुठं? ती हॉटेलवाल्यानं भिंतीला टांगली.

पेपरवाला म्हणाला, हुकाखाली उभे राहा, फोटो छान येईल. आणि मी उभा राहिलो. साला, उभा राहिलो. हे लिहिलं नाही तर पुढचं लिहायचा मला हक्क नाही.

आता दुसरी गोष्ट. गिरणगाव गेलं म्हणून गळा काढणाऱ्यांची एक जमात या शहरात झालीय. तिला खानावळ आठवते, भजन आठवतं, गणपती आठवतो, सगळे कामगार एका पंगतीला बसून जेवायचे म्हणे! कोण सगळे? विणकाम खात्यात पगार जास्त, तिथं आमच्या माणसाला पाऊल टाकू देत नव्हते. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, आणि महाराची थुंकी लागली तर धोटा बाटायचा. कापड बाटत नव्हतं. मालकाचा नफा बाटत नव्हता. धोटा बाटायचा! १९२८ च्या संपात लाल बावट्याच्या पुढाऱ्यांशी बाबासाहेबांना यासाठी भांडावं लागलं, की बाबांनो, मागण्यांच्या यादीत हे पण घ्या. पाण्याचे माठ वेगळे. गावकीच्या खोल्या वेगळ्या, मराठ्यांची ही, महारांची ती. तीच गत खानावळीत. तेव्हा ‘गेले ते दिवस’ म्हणून माझ्या खांद्यावर डोकं ठेवू नका. तुमचे ते दिवस आमच्या आज्या-पणज्यांनी दाराबाहेर उभं राहून काढलेत. जुन्या पंगतीत जात विचारायचे. नव्या हॉटेलात दर विचारतात. दर विचारला की जात आपोआप बाहेर राहते, म्हणून विचारणाऱ्याचं तोंड स्वच्छ.

मी ज्या खानावळीसाठी भांडतोय ती कवितेतली नाही. शिवडीच्या एका पगडीच्या चाळीत तळमजल्याची खोली, दहा बाय बारा. तिथं मावशी रांधते. वरच्या पोटमाळ्यावर आम्ही नऊ जण राहतो, पाळीप्रमाणं. रात्रपाळीवाला सकाळी येऊन पडतो तेव्हा दिवसपाळीवाल्याची चादर अजून गरम असते. महिन्याचे जेवणाचे तीन हजार दोनशे, झोपायचे बाराशे. काम लागलं नाही तर मावशी वहीत लिहून ठेवते आणि तोंडानं शिव्या देते. भाकरी, सुकटाचं कालवण, रविवारी वजडी. पूर्वी बैलाचं असायचं, स्वस्त आणि पोटाला आधार. २०१५ साली या राज्यात बैल कापायला बंदी आली आणि मावशीच्या भगुण्यातून ते गेलं. गावाकडं चान्या वाळत घालणारी आमची आजी कायद्यानं गुन्हेगार ठरली. मटण आम्हाला परवडत नाही. धर्म त्यांचा वाचला, प्रथिनं आमची गेली.

या बायकांनी हे शहर चालवलंय. लाखो एकटे पुरुष गिरणीत आणि गोदीत उभे राहिले ते यांच्या स्टोव्हवर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेची दारं उघडून दिली. तोवर बँकेच्या लेखी त्या कुणीच नव्हत्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. तेव्हा उधारीवर कुणी जेवू घातलं, हे संपाच्या इतिहासात किती पानांवर आलंय ते मोजून बघा.

आणि आता आमच्या चाळीला बिल्डर लागलाय.

लागू दे. मी विकासाच्या विरोधात नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सार्वजनिक संडासाच्या रांगेत जन्म काढण्यात काही क्रांती नाही. बीडीडी चाळी इंग्रजांनी १९२० च्या दशकात बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची. वरळीला ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ जणांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मिळाल्याच पाहिजेत. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीत दगड आणि पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्यात लोकांनी. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधवच्या डोक्यात वरून पाटा टाकला, आपला पोरगा गेला. त्या चाळींतल्या म्हातारीला वर लिफ्टनं जाताना बघून मला बरंच वाटतं. शिवडीच्या बीडीडी मात्र पोर्टाच्या जमिनीवर. पोर्ट केंद्राचं, म्हाडा राज्याची, म्हणून त्या तशाच कुजतायत. त्यांच्या अंगावरून २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, पावणेबावीस किलोमीटर. मोटारीला एकेरी टोल अडीचशे ठेवला, मोटारसायकलला बंदी. पूल शिवडीत उतरतो, शिवडीकर चढू शकत नाही. नव्या टॉवरवाले जाहिरातीत रोहित पक्षी दाखवतात. बाल्कनीतून पक्षी दिसणार म्हणे. पक्ष्यांच्या अलीकडं माणसं राहतात, ती फोटोतून पुसून काढलीत.

माझं भांडण यादीशी आहे. पुनर्विकासात दोनच जाती, पात्र आणि अपात्र. भाडेपावती ज्याच्या नावावर तो पात्र. भाडेकरूचा भाडेकरू, पोटमाळ्यावरचा, खाटेवरचा, तो कशातच नाही. झोपडपट्टीच्या योजनेत तारखा आहेत, १ जानेवारी २०००, १ जानेवारी २०११. त्या तारखांनाही कागद लागतो. आम्ही नऊ जणांनी मिळून बावीस वर्षांचं भाडं भरलंय. पावती एक नाही. आणि मावशी? खोली तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या चुलतभावाच्या नावावर. तो गावाला. तीस वर्षं त्यानं इथं लोटाभर पाणी तापवलं नाही, तो पात्र. मावशीच्या घरात एवढी पातेली, परात, भगुणी, आणि ती अपात्र.

निरोप घेऊन कोण आलं माहीत आहे? बिल्डर आला नाही. त्याला यायची गरज नाही. आपलाच एक भाऊ आला. निळा गमछा, बोटात अंगठ्या, जयंती मंडळाचा खजिनदार. मावशीला म्हणाला, जयभीम मावशी, सर्व्हे आहे, हे पोटभाडेकरू महिनाभर गावाला पाठवा, उगाच भानगड नको, तुमचं मी बघतो. पोटमाळ्याकडं बघून आम्हाला म्हणाला, समाजासाठी थोडा त्याग करा रे.

त्याग! भडव्या, आमच्याकडं त्यागायला एक चादर आहे, ती पण अर्धी.

दोस्तहो, हे मी आपल्याच मासिकात लिहितोय, बाहेर नाही. बामणांना शिव्या घालणं सोपं असतं, त्या आपण घालतो, घालत राहू. पण चौदा एप्रिलच्या कमानीवर बाबासाहेबांच्या शेजारी त्याच मापाचा बिल्डरचा फोटो कुणी लावला? डीजेचे पैसे कुणाचे? १९१७ साली बडोद्यात बाबासाहेब कोलंबियात शिकून आलेले, दरबारचे अधिकारी, आणि राहायला खोली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन डझनभर लोक दारात आले. सामान घेऊन बाहेर पडावं लागलं, बागेत बसून रात्रीच्या गाडीची वाट बघावी लागली. हा माणूस लॉजर होता रे! भाडं रोज देणारा, पावतीवर खोटं नाव असलेला लॉजर. त्याची जयंती करणारा खजिनदार लॉजर हाकलायला येतो.

बडोद्याचा दोष मी पारशांच्या माथी मारत नाही. त्यांनी सोवळं इथंच उचललं. पण पुढं बघा. संविधानाच्या पंधराव्या कलमानं दुकानं, हॉटेलं, उपाहारगृहं सगळ्यांना उघडी केली, जातीवरून कुणाला अडवता येत नाही. घराच्या दारापाशी मात्र हे कलम थबकतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं पारशांच्या एका सहकारी सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम सोसायटी करू शकते. बाकीच्यांना एवढी वाट पुरेशी होती. आता जात कुणी विचारत नाही. ‘व्हेज का?’ विचारतात. माझ्या एका मित्रानं, बी.कॉम. झालेल्या, बँकेत असलेल्या, परळच्या नव्या टॉवरमध्ये भाड्यानं फ्लॅट बघितला. दलालानं आडनाव विचारलं, मग जेवण विचारलं, मग फोन उचलणं बंद केलं. खाली त्याच टॉवरच्या हॉटेलात बोंबील तळतात, सातशे रुपये. तळमजल्यावर मासा चालतो, बाराव्यावर मासे खाणारा नाही चालत.

यादीवरून एक आठवलं. आपल्याला चौदा एप्रिल एकच माहीत आहे. गोदीतल्या माणसाला दुसराही माहीत असतो. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज. पोटात दारूगोळा, कापूस आणि सोनं. दुपारी स्फोट झाले, मांडवी-मशीदपर्यंत आग. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या नावानं दरवर्षी या दिवशी मानवंदना होते, व्हायलाच हवी. सोन्याच्या विटा नोंदलेल्या होत्या, त्यांचा शोध चालू राहिला, पुढं किती वर्षांनी गाळातून वीट निघाली तरी ओळखू यायची. आणि गोदीतले मजूर? मेलेल्यांचा आकडा प्रत्येक पुस्तकात निराळा. वीट नोंदवलेली होती, माणूस मुकादमाच्या तोंडी हिशेबावर होता. आम्ही नऊ जण आज त्याच हिशेबावर आहोत.

तेव्हा मागणी साधी आहे, कवितेची नाही. सर्व्हेत खोलीगणिक एक नाव न घेता जेवढी माणसं झोपतात तेवढी नावं लिहा. खानावळ चालवणाऱ्या बाईचं नाव धंद्याच्या गाळ्यासाठी लावा, खोली कुणाच्या का नावावर असेना. गिरण्यांच्या आणि पोर्टाच्या जमिनीवर जे उठतंय त्यात एकट्या मजुरांसाठी भाड्याच्या खाटा ठेवा, दर मजुरीच्या हिशेबात. आणि आपल्या मंडळांनी बिल्डरचा पैसा जयंतीला घेतला असेल तर पुढच्या सभेत वही उघडून दाखवावी. मी विचारणार आहे. मला समाजद्रोही म्हणतील. गेल्या आठवड्यात एकानं म्हटलंच.

पेपरवाल्याचा लेख छापून आला. हुकाखाली मी, चांगला आलोय. मावशीनं तो पेपर भाकरीच्या टोपलीत अंथरला.

सर्व्हेवाले येत्या सोमवारी येणार आहेत, सकाळी अकराला. आमच्यातला कुणी गावाला जाणार नाही. रात्रपाळीवाले पण झोपणार नाहीत. नऊच्या नऊ पोटमाळ्यावर असू, आधारकार्ड हातात घेऊन, आणि मावशीची उधारीची वही शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवलेली असेल. बावीस वर्षांचा तोच आमचा कागद आहे. ज्यांना सुट्टी टाकता येईल त्यांनी यावं. जेवण मावशीकडं, आपापल्या पैशानं.