उलाढाल नको, शिल्लक सांगा

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे यांस,



सोमेश्वरनगरहून लिहितो आहे. कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्याकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि संक्रांतीच्या आगेमागे प्राथमिक शाळांमधून बालबाजार भरतात. मला हा बाजार मनापासून आवडतो. पोरं सतरंजीवर मेथीच्या जुड्या मांडतात, ‘ताजी ताजी’ म्हणून ओरडतात, सरपंचांना बोलवून ताक पाजतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारी पोर त्या दिवशी गुरुजींशीच भावावरून हुज्जत घालते. तेव्हा ही तक्रार बाजाराविरुद्ध नाही. बाजार उठल्यावर काय होतं, किंवा होत नाही, त्याबद्दल आहे.

आमच्या शेजारच्या चौथीतल्या मुलीने भेळेचा गाडा लावला होता. चुरमुरे 60 रुपयांचे, फरसाण 120 चं, चिंच-गूळ 30 चा आणि द्रोण 30 चे. भेळ दहा रुपयांना. चोवीस द्रोण खपले. संध्याकाळी ती उड्या मारत आली, “काका, दोनशे चाळीस झाले!” मी विचारलं, दाखव. मुठीत दोनशे दहाच होते. तिघी मैत्रिणींनी ‘उद्या देते’ म्हणून भेळ खाल्ली होती. आणि माल आणायला आईने दिलेले 240? ते तिच्या हिशेबातच नव्हते. उधारी सगळी वसूल झाली असती तरी बरोबरी, तीही घरचे कांदे आणि आईची सकाळ फुकट धरली तर.

तिला तोटा झाला याचं मला काहीच वाटलं नाही. वाईट वाटलं ते एवढ्याचं, की तोटा झाला हे तिला कुणी सांगितलंच नाही. शाळेच्या फलकावर दुसऱ्या दिवशी बाजाराची एकूण उलाढाल लिहिली गेली आणि तिचे 240 त्या बेरजेत जमा झाले. अशा बाजारांच्या बातम्याही उलाढालीच्या आकड्यावरच येतात. आकडा मोठा, बाजार यशस्वी.

साहेब, उलाढाल आणि हातात पडलेला पैसा यातला फरक आमच्या भागात कुणाला शिकवावा लागत नाही. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्याच्या उसाला टनामागे 3,400 रुपये एफआरपी, म्हणजे किमान दर, ठरवली. पण शेतकरी तेवढ्यावर घर चालवत नाही. आधी उतारा किती धरला ते पाहतो, मग तोडणी-वाहतूक वजा करतो, मग सोसायटीचं कर्ज, खत, पाणी. उरेल ते आपलं. पारावर बसलेला कुणीही म्हातारा हा हिशेब तोंडी करतो. त्याच्याच नातीला आपण शाळेत सांगतो, की गल्ल्यात आलं ते सगळं कमावलं. बालभारतीच्या गणितात नफा-तोटा सहावीत येतो, बाजार मात्र आपण पहिलीपासून भरवतो. मग सहावीपर्यंत थांबायचं कशाला? हिशेबाची वही बाजाराच्या दिवशीच उघडावी.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. हंगामात इथल्या काही वर्गांत ऊसतोड मजुरांची मुलंही येऊन बसतात. त्यांतला एक मुलगा बाजाराच्या दिवशी भिंतीला टेकून नुसता उभा होता. माल आणायला भांडवल नव्हतं. याच मुलाला मी रस्त्याकडेला आईबरोबर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंड्या विकताना पाहिलंय. पाच पेंड्या घेतल्या तर किती सोडायचे, दिवस कलल्यावर वाढं सुकायच्या आत भाव कुठवर उतरवायचा, कुठल्या गाईवाल्याला उधार द्यायचं आणि कुणाला नाही, हे त्याला पाठ आहे. सगळ्या वर्गात खरा व्यापारी तोच. आणि बाजारात गाळा मिळाला तो ज्याच्या बापाच्या खिशात पैसे होते त्याला.

यावर उपाय शोधायला लांब जायला नको. हा सगळा परिसर उभा आहे तो शेअर्सवर. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेला उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे थोडे थोडे पैसे एकत्र करून. इथे मुगुटराव अप्पा काकडे यांनी तीच वाट धरली. मग चौथीच्या वर्गाने का धरू नये? प्रत्येकी दहा रुपयांचा एक भाग. ज्याच्याकडे दहा नाहीत त्याचा भाग शाळेने घालावा आणि नफ्यातून परत घ्यावा. एका सभासदाला एक मत. भेळ करायची की रोपं विकायची, हे वर्गाने ठरवावं. कुणी खरेदीला, कुणी गल्ल्यावर, कुणी उधारीच्या वहीवर. आणि भाव ठरवायला तो वाढेवाला पोरगा.

मग आठ दिवसांनी सर्वसाधारण सभा. चिटणीस जमाखर्च वाचेल. मोठ्यांच्या सभेत अहवाल वाचायच्या आधीच मागून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो. पोरांच्या सभेत एकच नियम ठेवावा: प्रत्येकाने एक प्रश्न विचारल्याशिवाय मंजुरी नाही. फरसाण उरलं कसं? तीस रुपये येणं कुणाकडे? सहकार कायद्यानुसार संस्थेला निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. वर्गानेही टाकावा, पुढच्या वर्षीच्या चौथीसाठी. उरलेला सभासदांत वाटावा.

काही पालक म्हणतील, लेकरांना आत्तापासून धंद्याला कशाला लावता? त्यांची काळजी रास्त आहे. म्हणून शेगडी नको, स्पर्धा नको, बक्षीस तर नकोच आणि आयांनी रात्रभर जागून केलेल्या वड्याही नकोत. ज्या मालाचा हिशेब मुलाला मांडता येत नाही तो गाळ्यावर येऊ नये. पैसा कमवायला नव्हे, पैशाला प्रश्न विचारायला शिकवायचं आहे. आपल्याच जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमाने 1983 पासून हाताला काम देत शिकवण्याची वाट दाखवली आहे. तिथली मुलं मोठी आहेत, पण धडा तोच.

माझं मागणं तीन ओळींचं आहे. बालबाजाराच्या अहवालात शाळांनी उलाढाल लिहू नये. भांडवल, खर्च, उधारी आणि शिल्लक मुलांच्या अक्षरात जोडावी. ज्या वर्गात ऊसतोड मजुरांची मुलं आहेत तिथे त्यांच्या भागासाठी शाळेला छोटी तरतूद द्यावी. आणि बाजाराच्या उद्घाटनाला नव्हे, आठ दिवसांनंतरच्या सभेला आपल्या अधिकाऱ्यांपैकी कुणीतरी यावं, मागच्या बाकावर बसावं.

भेळवालीने त्या तीस रुपयांची वसुली अजून सोडलेली नाही. दोघींनी दिले, एकीकडे दहा बाकी आहेत. तिने ते वहीत लिहून ठेवलेत.

आपला,
सोमेश्वरनगरचा एक रहिवासी