आयकॉनसंच सोबत न्यावा की नाही?

केट हा केडीई प्रकल्पाचा मजकूर-संपादक लिनक्सवरून विंडोज किंवा मॅकओएसवर नेताना, म्हणजेच त्याचे पोर्टिंग करताना, ब्रीझ हा आयकॉनसंच त्याच्यासोबत देऊ नये, असा एक पूर्वपक्ष आहे. पाहुण्या सॉफ्टवेअरने यजमान प्रणालीचेच रूप घ्यावे, चित्रांच्या फायलींनी इन्स्टॉलर उगाच फुगतो, आणि क्यूटी या प्रोग्रॅमिंग-संचाच्या 6.7 आवृत्तीपासून यजमानाचे आयकॉन थेट वापरण्याची सोय झाली असल्याने हे ओझे आता निरर्थक ठरते, असे त्याचे म्हणणे.

वरवर सयुक्तिक वाटणारा हा युक्तिवाद मूळ व्यवस्थाच विसरतो. लिनक्सवरील अशा प्रोग्रॅममध्ये बहुधा चित्र नसतेच, तर ‘डॉक्युमेंट-सेव्ह’सारखे फ्रीडेस्कटॉप या सामायिक मानकाच्या नामावलीतील नाव असते, त्या नावाचे चित्र प्रणालीवर बसवलेल्या थीममध्ये शोधले जाते आणि तेथे न मिळाल्यास ‘हायकलर’ या राखीव संचात पाहिले जाते. विंडोजवर हे संच मुळातच नसतात, त्यामुळे टूलबारवरचे बटण दाबले जाते, कामही करते, पण दिसते कोरे. 6.7 मधील सोय नेहमीच्या नावांपुरती आहे: कापा, चिकटवा, जतन करा यांचे भागते, परंतु गिट या आवृत्ती-नियंत्रण साधनाची शाखा दाखवणारे ‘व्हीसीएस-ब्रँच’ हे नाव प्रमाण नामावलीतही नाही, मग यजमानाने त्याला चित्र कोठून द्यावे? एकाच टूलबारवर निम्मे आयकॉन यजमानाचे आणि निम्मे कोरे, याला एकरूपता म्हणणे धाडसाचेच. शिवाय गिंप आणि इंकस्केप हे चित्रकामाचे प्रोग्रॅम विंडोजवर स्वतःचेच आयकॉन वापरतात, आणि त्यामुळे ते तेथे उपरे ठरलेले नाहीत.

आकारमानाचा आक्षेप मात्र अंशतः मान्य करावा लागतो, कारण छोट्या प्रोग्रॅमला सगळा संच लागत नाही. त्याने वापरातली चित्रे तेवढी निवडून घ्यावीत. तथापि ब्रीझची चित्रे एसव्हीजी, म्हणजे मजकुराच्या रूपात लिहिलेली रेखाचित्रे, असल्याने ती चांगली आकुंचन पावतात आणि एकाच संसाधन-फायलीत बांधता येतात. खरी गफलत होते ती अन्यत्र: क्यूटीचा एसव्हीजी प्लगइन पाठवायचा राहिला, तर संच सोबत असूनही बटणे कोरीच राहतात, आणि रंगसंगतीप्रमाणे रेषांचा रंग बदलणारे केडीईचे आयकॉन-इंजिन वगळले, तर गडद पार्श्वभूमीवर गडद रेषा उमटून काहीच दिसत नाही. म्हणून संच द्यायचा तो या दोहोंसह द्यावा, आणि यजमानाचे आयकॉन केवळ पर्याय म्हणून ठेवावेत.

परवान्याची अडचणही येथे नाही: ब्रीझ एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्याने त्याच्या अटी पाळून तो कोणत्याही प्रणालीवर नेता येतो, तर एसएफ सिम्बॉल्स हे ॲपलचे आयकॉन ॲपलच्या प्रणालींबाहेर वापरण्यास परवानगी नाही.