उपमेला मार्क, बेडकाला सुरी

माझ्या भाचीने परीक्षेत लिहिले, "मॉसला वनस्पतीसृष्टीतील उभयचर म्हणतात, पण ती बेडकासारखी मुळीच नाही." मार्क गेला! मला विचाराल तर पूर्ण मार्क तिलाच द्यायला हवे होते.

बेडकाचे बघा. शेपटीवाले पिल्लू पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेते. मग पाय फुटतात, शेपूट जिरते, फुप्फुसे येतात आणि तोच जीव जमिनीवर येतो. एकच देह, दोन घरे. मॉसमध्ये असले काहीच घडत नाही. पुस्तकातली फ्युनारिया हायग्रोमेट्रिका घ्या. तिचे बालपण काही तळ्यात जात नाही. बीजाणू ओल्या मातीवर रुजतो, तिथेच हिरवे रोप होते, तिथेच संपते. फक्त तिच्या नरपेशींना दोन शेपट्या असतात आणि मादीपेशीपर्यंत त्या पोहूनच जातात. पावसाच्या पाण्याचा पातळ थर त्यासाठी पुरतो. पुढे रोपाच्या डोक्यावर देठ नि बोंड येते. त्यातले बीजाणू उधळायला मात्र कोरडा वारा लागतो!

म्हणजे साम्य एकच, लग्नाला पाणी हवे. बेडकाची मादी पाण्यात अंडी सोडते आणि नर ती पाण्यातच फळवतो. पण आपण पोरांना कारण शिकवत नाही, बिरुद पाठ करून घेतो.

याची किंमत कोण मोजतो? पहिला पाऊस पडला की आमच्या गोव्यात रात्री टॉर्च आणि पोती घेऊन लोक शेतात उतरतात. बुलफ्रॉगचा नर तेव्हा पिवळाधमक झालेला असतो, निळ्या पिशव्या फुगवून मादीला हाका मारत असतो. त्या हाकेवरच तो सापडतो. वर्षभर वाट पाहिलेल्या लग्नाच्या रात्रीच तो 'जंपिंग चिकन' होतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद झाली. ताटातली कधी बंद होणार? आणि शेतातले किडे खाणारा गेला की आपणच औषधाचा पंप पाठीवर घेणार!

'परंपरा आहे हो,' म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो. गडग्यावरचे मॉस खरवडून काढा, उरलेल्या तुकड्यातून ते पुन्हा उगवेल. बेडकाच्या तंगडीतून बेडूक उगवत नाही. भाचीला कळलेला हा फरक आपल्याला कधी कळणार?