एकांताची प्रार्थना व मंडळीची प्रार्थना

प्रार्थनेविषयीं आमच्या उपनगरांतील ख्रिस्ती घरांत दोन मतें वारंवार ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, "प्रार्थना ही देव व भक्त यांच्यामधील गोष्ट. ती मनांतल्या मनांत केली म्हणजे झालें. तेवढ्यासाठीं रविवारीं सकाळीं उठून उपासनेस कशाला जावयाचें?" दुसरा पक्ष तोंडानें कांहीं बोलत नाहीं, पण वर्तनानें सांगतो कीं, रविवारीं उपासनेस बसलों, शाळेच्या प्रार्थनेंत उभे राहिलों, म्हणजे कर्तव्य संपलें; घरीं पुनः वेगळी प्रार्थना कशाला? पहिला पक्ष मंडळीला रजा देतो, दुसरा एकांताला. आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें अपुरें आहे. इतकेंच नव्हे, तर एकीस सोडल्यावर दुसरीहि फार दिवस टिकत नाहीं. तें कसें, हें सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम प्रभूची शिकवण पाहूं. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत हे दोन्ही विषय अगदीं शेजारीं शेजारीं आले आहेत. ६ व्या वचनांत खोलींत जाऊन, दार लावून, गुप्तपणें प्रार्थना करण्याची आज्ञा आहे. आणि लगेच ९ व्या वचनापासून जी प्रार्थना शिकविली आहे, ती 'आमचा पिता' म्हणून हांक मारते. त्या सबंध प्रार्थनेंत 'मी' नाहीं, 'माझें' नाहीं. भाकर मागावयाची ती आमची. क्षमा मागावयाची तीहि आम्हां सर्वांना. म्हणजे दार लावून एकटा बसलेला मनुष्यहि बोलूं लागतांच अनेकवचनांत बोलतो.

आपल्या मराठींत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन निराळे शब्द आहेत. ही सोय पुष्कळ भाषांत नाहीं. 'आपण' म्हटलें कीं ऐकणाराहि त्यांत येतो. 'आम्ही' म्हटलें कीं ऐकणारा समोर राहतो, व बोलणारे सगळे एका बाजूस होतात. प्रभूच्या प्रार्थनेंतील 'आम्ही' असा आहे: देव समोर, आणि आमच्या बाजूस आई, भाऊ, चाळींतील शेजारी, आणि ज्याच्याशीं चार दिवस आम्ही बोललों नाहीं, तोहि.

आतां कोणी विचारील, "दार लावावयास खोली आहे कोठें?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. घाटकोपर-अंधेरीकडे एका खोलींत पांच-सहा माणसें राहतात, अशीं कुटुंबें थोडीं नाहींत. परंतु मूळ ग्रीक शुभवर्तमानांत जो शब्द आहे, त्याचा अर्थ धान्य व सामान ठेवण्याची आंतली कोठी असा होतो. प्रभु ज्या गरीब लोकांशीं बोलत होता, त्यांच्यापाशीं प्रार्थनेसाठीं म्हणून राखलेली खोली कोठून असणार? स्वतः प्रभु पहाटे अंधारांत उठून अरण्यांत जाई, असें मार्क सांगतो. डोंगरावर जाई, असें लूक सांगतो. तेव्हां कोठी म्हणजे चार भिंती नव्हेत; जेव्हां आपणांस देवाखेरीज कोणी पाहत नाहीं, ती वेळ हीच कोठी. पहाटे नळास पाणी येण्यापूर्वींचीं दहा मिनिटें ही कोठी होऊं शकते. बोरिवलीहून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडींत डोळे मिटून बसलेल्या माणसाला कोणी कांहीं विचारीत नाहीं, तीहि कोठीच. मात्र तिच्यांत शिरण्यापूर्वीं हातांतला फोन बंद करावा लागतो. आजच्या काळीं लावावयाचें दार तें आहे.

एकांताचा मोठा गुण हा कीं, तेथें श्रोते नसतात, म्हणून खोटें बोलण्याचें कारण उरत नाहीं. पण त्याचा दोषहि तेथेंच आहे. श्रोते नसले म्हणजे आपलें दुखणें, आपली परीक्षा, आपली नोकरी यांपलीकडे जीभ वळत नाहीं, आणि प्रार्थनेची मागण्यांची यादी बनते. उलट मंडळींत शेजारच्या बाकावरील आजारी बाईचें नांव घेतलें जातें, आणि आपणांस तिची आठवण नव्हती, हें तेथें कळतें. मंडळी आपल्या एकांताचें माप काढते, तें असें.

मंडळीच्या प्रार्थनेचे दोषहि झांकण्याचें कारण नाहीं. कित्येक जण प्रार्थनेंत देवाला आठवड्याच्या बातम्या सांगतात. कित्येक समोरच्या माणसाला जें तोंडावर सांगवत नाहीं, तें डोळे मिटून देवाच्या नांवें ऐकवितात. कांहींची प्रार्थना इतकी लांबते कीं, मुलें 'आमेन'ची वाट पाहण्यापलीकडे कांहीं करूं शकत नाहींत. हे सारे रोग, आमच्या समजुतीप्रमाणें, एकाच कारणाचे आहेत. ज्यानें आठवडाभर एकांतांत तोंड उघडलें नाहीं, त्याला रविवारीं देवाशीं बोलतां येत नाहीं. मग तो माणसांशीं बोलतो.

तरी मंडळीच्या प्रार्थनेचें एक सामर्थ्य असें आहे कीं, तें एकांतांत मिळत नाहीं. जेव्हां दुःखानें आपले शब्द खुंटतात, तेव्हां ती आपणांस शब्द उसने देते. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ सुरू झाली. त्या दिवसांत मुंबईंतील व उपनगरांतील ख्रिस्ती वस्त्यांतून ठिकठिकाणीं क्रूस उभारले गेले. त्यांपैकीं कित्येक आजहि उभे आहेत. गांवठाणांतील कॅथलिक बंधु अशा क्रूसांपाशीं जमून रोझरी म्हणतात. पंथभेद बाजूस ठेवून पाहिलें, तर यांतील मर्म सर्वांना घेण्यासारखें आहे: ज्या घरांत मृत्यु झाला, त्या घराला त्या सायंकाळीं नवी प्रार्थना रचावी लागत नव्हती. अंधेरीस, आज जेथें सीप्झची वसाहत आहे तेथें, १५७९ सालीं बांधलेलें संत योहानाचें जुनें मंदिर आहे. १८४० सालीं सांथीमुळें लोक तें सोडून मरोळास गेले. छप्पर गेलें, भिंती उरल्या. पण मंडळी मोडली नाहीं. मरोळास तिनें नवें मंदिर बांधलें.

याच्या उलट प्रसंग आमच्या पिढीनें पाहिला. करोनाच्या सांथीमुळें मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील सर्व प्रार्थनास्थळें बंद झालीं, तीं १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं. पुढल्या वर्षीं पुनः बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडलीं. त्या काळांत वर सांगितलेल्या दोन्ही पक्षांची परीक्षा झाली. ज्यांचा सगळा धर्म रविवारच्या बाकावर होता, त्यांना घरांत चार माणसांपुढें दोन वाक्यें बोलणें अवघड झालें. आणि "मनांतली प्रार्थना पुरे" असें म्हणणाऱ्यांना, मोजक्या माणसांत आपलें मनुष्य मातीस द्यावें लागलें तेव्हां, मागें शंभर कंठ नसणें म्हणजे काय, तें कळलें.

एकांत व मंडळी हीं परस्परांना कशीं पोसतात, याचीं उदाहरणें आपल्या महाराष्ट्रांतच आहेत. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटे बसत, आणि देहूस कीर्तनांत लोकांपुढें उभे राहत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला, पण ही संतांची परंपरा सोडली नाहीं. त्यांनीं एकांतांत रचलेलीं पदें आज मराठी मंडळ्या एका सुरांत गातात. टिळक १९१९ सालीं गेले, पण त्यांचा एकांत अजून मंडळीच्या मुखीं आहे. केडगांवास पंडिता रमाबाईंनीं १९०५ च्या जानेवारींत मुलींना रोज प्रार्थनेस जमण्याविषयीं विचारलें, तेव्हां प्रथम ७० जणी पुढें आल्या. जूनच्या अखेरीस तेथें जागृति झाली, तोंवर ही संख्या ५५० पर्यंत गेली होती. त्या वेळीं शेंकडों मुली एकाच वेळीं मोठ्यानें, पण प्रत्येक जण आपापल्या शब्दांत, प्रार्थना करीत. एकांत कोठें संपला व मंडळी कोठें सुरू झाली, हें तेथें सांगतां आलें नसतें.

सर्वांत मोठें उदाहरण गेथशेमानेचें. त्या रात्रीं प्रभु तिघां शिष्यांना बरोबर घेऊन गेला, आणि मग त्यांच्यापासून थोडा दूर जाऊन एकटाच प्रार्थना करूं लागला. अंतर किती, तर दगड फेंकला असतां पडेल इतकें. जें एकट्यानें सोसावयाचें तें त्यानें एकट्यानें सोसलें. तरी जवळ कोणी जागें असावें, अशी त्याची इच्छा होती. प्रभूला जर सोबत हवीशी वाटली, तर "मला मंडळीची गरज नाहीं" असें आम्हीं कोणत्या तोंडानें म्हणावें?

आतां व्यवहाराच्या दोन गोष्टी. पहिली घराची. उपनगरांतील घरांत बाप साडेनऊच्या गाडीनें येतो, मुलगा शिकवणीहून त्याच्याहि मागून. म्हणून कौटुंबिक प्रार्थना मोडली, असें पालक सांगतात. आमची सूचना अशी कीं, ती पांच मिनिटांची असावी, पण शेवटचें माणूस घरीं आल्यावर व्हावी, आणि आठवड्यांतून एकदां ती सर्वांत लहान मुलानें करावी. बैठक लहान झाली तरी चालेल. माणूस गळूं नये.

दुसरी शाळेची. सकाळची प्रार्थना मुलें पाठ म्हणतात व मन खेळाच्या मैदानावर असतें, ही तक्रार जुनीच आहे. त्यावर उपाय प्रार्थना बंद करणें हा नव्हे. ती सुरू होण्यापूर्वीं अर्धें मिनिट संपूर्ण शांतता असावी. आमच्या शाळेंत अनेक धर्मांचीं मुलें आहेत. त्या अर्ध्या मिनिटांत प्रत्येकानें आपापल्या मनाच्या कोठींत जावें, तेथें कोणीं काय म्हणावें हें कोणी सांगूं नये. मग सर्वांनीं मिळून तोंड उघडावें. अर्ध्या मिनिटानें शाळेचें वेळापत्रक बिघडत नाहीं. पण ज्या मुलाला आज आपण कोणासाठीं प्रार्थना करीत आहों हें ठाऊक आहे, त्याच्या 'आमेन'चा आवाज निराळा येतो, आणि तो आवाज शिक्षकांच्या कानाला लगेच ओळखूं येतो.