नवस, अपेक्षाभंग आणि टिळकांचा येशू

नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीत यात्रा भरते. नवस बोलायला आणि फेडायला ख्रिस्ती तर येतातच, अन्यधर्मीयही येतात. यावर सुशिक्षितांचा शेरा ठरलेला असतो : येशूकडे काही मागितले की श्रद्धेचा व्यवहार होतो, अपेक्षाच ठेवू नये, म्हणजे अपेक्षाभंगही होत नाही. हा उपदेश वरकरणी उदात्त, पण मुळात पोकळ आहे.

शुभवर्तमानात आंधळ्या बार्तीमयाला येशू स्वतःच विचारतो, की मी तुझ्यासाठी काय करावे? अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य खिन्न आहेत, कारण इस्राएलची मुक्तता हाच करील अशी त्यांची आशा होती. येशू त्यांना मंदमती म्हणतो, पण आशा केली म्हणून नव्हे. शास्त्र वाचूनही त्या आशेचा अर्थ त्यांना उमगला नाही, म्हणून. मागणाऱ्याला तो परतवीत नाही. मागण्याचा अर्थ मात्र बदलून देतो.

रेव्हरंड ना. वा. टिळकांविषयी मराठीच्या वर्गांत हीच गल्लत होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ साली अमेरिकन मिशनची चाकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. यावरून ‘टिळकांचा भ्रमनिरास झाला’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. मग १९१९ साली मृत्यूने गाठले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले, ते कशामुळे? भ्रमनिरास झालेला कवी येशूवर महाकाव्य आरंभीत नाही. या मातीत, या भाषेत भेटणारा ख्रिस्त त्यांना हवा होता. मिशनच्या चौकटीत ती अपेक्षा मावेना, तेव्हा त्यांनी चौकट सोडली.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण तर याहून बोलके आहे. येशूकडून त्यांची कसलीच अपेक्षा नव्हती. त्याच्यापायी त्यांचा संसारच मोडला होता. अपेक्षा नसल्याने दुःख टळते, तर पतीपासून दूर काढलेली ती वर्षे त्यांना पोळली नसती. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘ख्रिस्तायन’ पूर्णत्वास नेले.

तेव्हा नवसाला नाके मुरडण्याआधी एवढे ध्यानी घ्यावे : मागणारा निदान दाराशी तरी आलेला असतो. नवस फळला नाही म्हणून जो पाठ फिरवतो त्याची श्रद्धा कच्ची, हे मान्य. पण ज्याने कधी काही मागितलेच नाही, त्याची श्रद्धा पक्की हे कशावरून? तिची परीक्षाच झालेली नसते.