संगणक कट्टा : सगळी पत्रे एकाच पेटीत नकोत



संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "नवा लॅपटॉप एसएसडीवाला आहे. त्यावर थंडरबर्ड किंवा आउटलुक ठेवले तर चालेल ना? मेल सारखी लिहिली-पुसली जाते, डिस्क झिजणार नाही ना?" म्हणून या अंकात तेवढाच विषय घेते.

आधी झिजेचे पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असे. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात राहते, आणि लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते हे खरे. पण ५०० जीबीच्या घरगुती एसएसडीवर ३०० टीबी लिहून होईपर्यंतची हमी सर्रास मिळते. रोज २० जीबी लिहिले तरी हिशेबाने ४१ वर्षे होतात, आणि घरची टपाल त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा ती काळजी सोडा. उलट मेल पटकन उघडते, जुने पत्र शोधायलाही वेळ लागत नाही.

काळजी दुसरीच आहे. जुनी डिस्क जाण्याआधी बहुधा कुरकुर करी, अडखळे, आपल्याला सावध करी. एसएसडी पुष्कळदा आवाज न करता जाते. काल चालू होती, आज संगणकाला डिस्कच दिसत नाही!

हे माझ्याच घरी झाले. माझे वडील साताऱ्याहून मला मेल लिहीत. रोमन लिपीतले मराठी, दर रविवारी एक. पाऊस किती झाला, आंब्याला मोहोर आला का, शेजारी कोण आजारी आहे, सगळे त्यात असे. ते गेल्यावर ती सगळी पत्रे मी एका फोल्डरमध्ये नीट लावून ठेवली. तो फोल्डर होता फक्त माझ्या संगणकावर. एका सकाळी ती एसएसडी गेली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. शेवटी भावाने साताऱ्याचा जुना संगणक माळ्यावरून काढला. वडिलांच्या 'पाठवलेली' या कप्प्यात साधारण तीन वर्षांची पत्रे निघाली. ती त्याने एकेक करून मला पुन्हा पाठवली. बाकीची गेली ती गेलीच.

आपल्या गावाला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे. ३ मार्च २००९ रोजी सेवेरीनस्ट्रासेवरची शहराच्या दप्तरखान्याची इमारत भुयारी रेल्वेच्या कामाजवळ कोसळली. शेजारच्या घरांतले दोघे जण दगावले. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या फळ्यांवरचे कागद ढिगाऱ्यात गेले, नोबेलविजेते लेखक हाइनरिश ब्योल यांचेही त्यात होते. बहुतेक कागद नंतर चिखलातून काढले, पण फाटलेले, भिजलेले. मात्र बऱ्याच जुन्या दस्तांच्या मायक्रोफिल्म दूर फ्रायबुर्गजवळच्या ओबरीड येथील बोगद्यात आधीच ठेवलेल्या होत्या. इमारत पडली, त्या फिल्मना धक्का लागला नाही. घरच्या मेललाही असा एक 'ओबरीडचा बोगदा' हवा.

तर करायचे काय?

१. खाते आयमॅप आहे की पॉप, ते पाहा. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरही राहते. पॉपमध्ये ती घरी उतरते आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर तिथून पुसली जाते. 'लोकाले ऑर्डनर'मधली मेल आयमॅप असले तरी फक्त तुमच्या डिस्कवर असते. माझी तिथेच होती.

२. आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून पुसलेले पत्र संगणकावरूनही जाते.

३. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरची सगळी पत्रे एकाच मोठ्या फाइलीत ठेवते. पुसलेले पत्रही आत पडून राहते. म्हणून अधूनमधून फोल्डर आवळावा. जर्मन मेनूत त्याला 'कोम्प्रिमीरेन' म्हणतात. त्या वेळी फाइल नव्याने लिहिली जाते, तेव्हा डिस्कवर मोकळी जागा हवी आणि मध्येच लॅपटॉप बंद करू नये. एरवीही एसएसडी काठोकाठ भरू नका. डीफ्रॅगमेंट मात्र करू नका, एसएसडीला त्याचा उपयोग नाही.

४. महिन्यातून एकदा 'हिल्फे' मेनूत 'फेलरबेहेबुंग' शब्द असलेली ओळ उघडा. तिथून प्रोफाइलचा फोल्डर कुठे आहे ते कळते. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आउटलुकवाल्यांनी पीएसटी फाइल अशीच घ्यावी. जुन्या प्रतीवर नवी चढवू नका, तारीख घालून वेगळी ठेवा.

५. ही बाहेरची डिस्क साधी, फिरत्या तबकडीची असली तरी उत्तम. एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडली तर आतला भार हळूहळू विरतो. आणि डिस्क लॅपटॉपच्याच पिशवीत नको. एक केलरमध्ये किंवा मैत्रिणीकडे ठेवा.

घरभाड्याचा करार, परवान्याचा पत्रव्यवहार, कराचे कागद यांची प्रत मागून तरी मिळेल. रविवारची पत्रे मागायची कोणाकडे? या शनिवारी चहा झाल्यावर अर्धा तास काढा आणि पहिली प्रत घ्याच. अडले तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला लॅपटॉप घेऊन या, मिळून करू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
कट्टेकरीण