गुरुजनांस काय द्यावें ?

वार्षिक परीक्षा आटोपून सुटी लागण्याचे दिवस जवळ आले, कीं शाळेंत एक निराळीच लगबग सुरू होते. मधल्या सुटींत मुलींचे घोळके कुजबुजूं लागतात, मुलगे वर्गणीचा हिशेब मांडतात, आणि घरोघरीं आईबापांपुढें एकच प्रश्न येऊन उभा राहतो : बाईंना अथवा सरांना यंदा काय द्यावयाचें ? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरानें मुलांच्या मनाला जें वळण लागतें, तें लहान नसतें. म्हणून त्यासंबंधीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

गुरूला कांहीं तरी अर्पण करावें ही भावना उदात्त आहे, यांत शंका नाहीं. कालिदासाच्या रघुवंशांत, पांचव्या सर्गांत, कौत्साची कथा आहे. विद्या संपादन करून घरीं निघालेल्या या शिष्यानें आपले गुरु वरतंतु यांस दक्षिणा काय देऊं म्हणून विचारिलें. तूं केलेली सेवा हीच मला पुष्कळ आहे, असें गुरूंचें म्हणणें होतें. शिष्य हट्टास पेटला, तेव्हां ते रागावले आणि चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि द्रव्य आण, असें त्यांनीं सांगितलें. कौत्स रघुराजाकडे गेला. पण विश्वजित् यज्ञांत सर्वस्व दान केलेल्या त्या राजानें त्याचें स्वागत मातीच्या पात्रानें केलें! पुढें कुबेरानें रघूच्या कोशांत सोन्याचा वर्षाव केला, राजा तें सगळें देऊं लागला, आणि कौत्स गुरुदक्षिणेहून अधिक घेईना. आपल्याकडे दसऱ्यास आपट्याचीं पानें सोनें म्हणून देतात, त्या चालीचा संबंध लोक याच कथेशीं जोडतात.

ही कथा सांगतांना चौदा कोटींचा आंकडा सर्वांच्या लक्षांत राहतो, पण गुरूचें पहिलें उत्तर आपण विसरतों. चौदा कोटि हे रागाचे शब्द होते. मनांतली गोष्ट त्यांनीं आधींच सांगितली होती. आणि आपल्या लोकांचें शहाणपण असें, कीं या कथेची आठवण त्यांनीं सोन्यांत न ठेवतां एका पानांत ठेविली. तें पान श्रीमंताच्या मुलाच्या हातांत जेवढें मोलाचें, तेवढेंच मोलमजुराच्या मुलाच्याहि हातांत असतें.

आतां माझ्या स्वतःच्या चुकीची एक हकीकत सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं, सत्राच्या शेवटल्या दिवशीं माझ्या वर्गांतील मुलांनीं टेबलावर भेटींचा ढीग रचिला. रंगीत कागद, फिती, चहाचे प्याले, पेनें, फुलदाण्या ! मला संकोच वाटला, पण आनंदहि झाला हें नाकारीत नाहीं. मी एकेक पुडकें उचलून, देणाऱ्याचें नांव वाचून, सर्वांसमक्ष आभार मानीत होतों. त्या दिवशीं एक मुलगी गैरहजर होती. संबंध सत्रांत तिची ती पहिलीच गैरहजेरी होती. निकालाच्या दिवशीं तिची आई भेटली, तेव्हां मीं सहज विचारिलें. त्या माउलीनें मान खालीं घालून सांगितलें, "सर, तिच्यापाशीं तुम्हांला द्यायला कांहीं नव्हतं, म्हणून ती आली नाहीं."

मी निरुत्तर झालों. त्या मुलीचे स्वच्छ अक्षरांतील निबंध मीं वर्षभर वाचिले होते. तिनें मला काय दिलें होतें तें मला ठाऊक होतें. तें तिला मात्र ठाऊक नव्हतें, कारण मीं तें तिला कधीं सांगितलें नव्हतें. आणि ज्यांचीं नांवें मीं मोठ्यानें वाचिलीं, त्यांत तिचें नांव येणें शक्य नव्हतें. यरुशलेमच्या मंदिरांतील दानपेटीपाशीं श्रीमंतांच्या मोठमोठ्या रकमांहून विधवेचीं दोन लहान नाणीं प्रभु येशूला अधिक वाटलीं, हा मार्काच्या शुभवर्तमानांतील प्रसंग आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. पण आपल्याच वर्गांत आपण ती पेटी उघडी मांडून ठेवितों, आणि ज्याच्यापाशीं दोन नाणींहि नाहींत त्यानें कोठें तोंड लपवावें, याचा विचार करीत नाहीं.

भारी भेटींत दुसरा एक दोष आहे. घेणाऱ्याच्या मनावर तिचें ओझें पडतें. शिक्षक कितीहि सरळ असो, परीक्षेपूर्वीं महागडी वस्तु देणाऱ्याच्या मुलास चांगले गुण पडले, तर चार लोक संशय घेणारच; आणि त्या मुलालाहि आपले गुण आपल्या मेहनतीचे कीं बाबांच्या पैशाचे, हें कळेनासें होतें. सरकारी नोकरांस भेटी घेण्याबाबत १९७९ च्या वर्तणूक नियमांनीं मर्यादा घातली आहे, ती कांहीं उगीच नव्हे. म्हणून भेट द्यावयाची तर ती निकाल लागल्यावर द्यावी, हा पहिला नियम.

कोणी म्हणतील, "प्रेमानें आणलेली वस्तु परत करून मुलाचें मन मोडावयाचें काय ?" तसें माझें म्हणणें नाहीं. प्रेमास बंदी नसावी, प्रदर्शनास असावी. घेणाऱ्यानें भेट बाजूला, एकांतांत घ्यावी, आणि सर्वांचे आभार एकाच शब्दांनीं मानावे.

मग द्यावें तरी काय ? माझें उत्तर असें, कीं ज्यांत देणाऱ्याचा कांहीं अंश आहे आणि जें वर्गांतील गरिबांतील गरीब मुलासहि देतां येईल, तें द्यावें. अशा वस्तूंत पहिला मान पत्राचा. आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाचे वडील तो तान्हा असतांना युद्धांत पडले. आई अल्जिअर्स शहरांत लोकांच्या घरीं झाडलोट करी. लुई जर्मेन या त्याच्या प्राथमिक शिक्षकानें त्याची शिकवणी विनामोल घेतली आणि त्याला शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसविलें. १९५७ सालीं काम्यूला साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां आईच्या मागोमाग त्याला या शिक्षकाची आठवण झाली, आणि त्यानें त्यांस एक छोटेंसें पत्र लिहिलें. जगांतील कोणतीहि वस्तु विकत घेणें ज्याला तेव्हां शक्य होतें, त्यानें आपल्या गुरूला पत्र धाडिलें !

पत्र मात्र पत्रासारखें असावें. "आपण फार छान शिकवितां" हें वाक्य कोणीहि कोणासहि लिहूं शकतो. "त्रैराशिक मला कळेना, तेव्हां आपण लिंबांचा हिशेब करून तें समजाविलें", किंवा "फळ्यापाशीं माझी चूक झाली, तेव्हां आपण कोणाला हंसूं दिलें नाहीं", असें एक वाक्य लिहा. तें जन्मभर जपून ठेवलें जातें. पालकहो, तें पत्र आपण सांगून लिहवूं नका, आणि त्यांतील ऱ्हस्वदीर्घ सुधारूंहि नका.

वर्गानें मिळून द्यावयाचें असेल, तर प्रत्येकाचें एकेक पान शिवून एक वही करावी. अथवा वर्गाच्या ग्रंथालयास एखादें पुस्तक द्यावें आणि त्यावर केवळ वर्गाचें नांव व साल घालावें. वर्गणी बंद डब्यांत जमवावी. कोणीं किती टाकलें, हें कोणी विचारूं नये. आणि ज्यानें कांहींच टाकलें नाहीं, त्याचीहि सही पत्रावर असावी. तसेंच घंटा देणारे शिपाईमामा आणि वर्ग झाडणाऱ्या मावशी यांसहि विसरूं नये. वर्षभर ज्यांचे आभार कोणी मानीत नाहीं, त्यांना दोन ओळींचें पत्र किती मोलाचें वाटेल !

शेवटीं, ज्या भेटीला सुटी लागण्याची वाट पाहावी लागत नाहीं, अशी एक भेट आहे. १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्याच्या शाळेंत शिकणारी ती चौदा वर्षांची मुलगी. शाळेंत मिळालेल्या अक्षरांनीं तिनें आपल्या मांग-महार बांधवांचें दुःख निर्भयपणें जगापुढें मांडिलें. त्याहून मोठी दक्षिणा त्या शाळेला कोण देऊं शकला असता ?

विद्यार्थिमित्रहो, यंदा सुटी लागेल त्या दिवशीं रिकाम्या हातांनीं या, पण या. जें आम्हीं दिलें तें तुमच्यापाशीं टिकलें आहे, एवढें आम्हांस दिसूं द्या. आणि तुमच्यापैकीं कोणी त्या दिवशीं येण्यास संकोचत असेल, तर त्याला हाताला धरून घेऊन या. ती भेट आम्हांस सर्वांत अधिक आवडेल.

— एक शिक्षक